भेंडीच्या पानांची पऱ्हाटी

यवतमाळहून निघताना

आमच्या घरी वावर, म्हणजे शेत, नाही. बाबा बाभुळगावात शिलाईचं काम करतात, त्यामुळे कापूस आमच्या घरी येतो तो कापड होऊनच. हे आधीच सांगते, कारण पुढे मी पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या झाडाबद्दल, बरंच बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटू नये की मला त्यातलं पहिल्यापासून कळत होतं.

मी यवतमाळला जीवशास्त्र शिकते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मॅडमनी सेमिनारचा विषय दिला तेव्हा ‘समजला नाही’ असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. विषय होता, पेशीला वाढीचा निरोप येतो तेव्हा डीएनएला चिकटणारी प्रथिनं काय करतात. मी झेरॉक्स काढल्या, इंग्रजी वाक्यं पाठ केली. पाठ सगळं होतं, पण कोणी मध्येच अडवलं तर मला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागायची.

होस्टेलच्या खोलीतली माझी सोबतीण अश्विनी कॉमर्सची. तिचं गाव फुलसावंगीच्या जवळ. महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, घरी चल, तिथे बसून पाठ कर, असा तिचा आग्रह. आमच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत, आणि मला जेवायचं आमंत्रण मोडवत नाही, म्हणून निघाले.

आर्णी सोडल्यावर बसमध्ये बसायला जागा मिळाली. अश्विनी म्हणाली, सांग तुझा विषय, पण इंग्रजी शब्द बोललीस तर खिडकीची जागा माझी. मी सुरुवात केली. हाताला जखम झाली की कडेच्या पेशींना निरोप येतो, वाढा, भरून काढा. निरोप पेशीच्या दारावर थांबतो, आत दुसरे हरकारे तो पुढे नेतात, आणि शेवटी तो एका प्रथिनापाशी पोचतो. ते प्रथिन डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांना जाऊन चिकटतं आणि तिथली कामं सुरू करून देतं.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, “निरोप आला, पोचवला, समजलं. पण चिकटल्यावर ते करते काय? अन् निरोप यायच्या आधी कुठी असते ते? झोपून राह्यते का?”

उत्तराऐवजी मी तिला खिडकीची जागाच देऊन टाकली.

पहिला दिवस: महालक्ष्म्या बसल्या

महागावला उतरून ऑटोने गावात पोचलो तेव्हा फाटकापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटवणं चाललं होतं. उमटवत होत्या त्या अश्विनीच्या रेखावहिनी. दादा, म्हणजे अश्विनीचा भाऊ, ट्रकवर असतो. तो पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने जातो आणि महिन्याकाठी कधीतरी घरी येतो. घरी वहिनी आणि अश्विनीचे आईबाबा, माझे काका-काकू. शेजारच्या घरात काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव मोठेबाबा म्हणतं.

पावलांवर पाय पडू नये म्हणून मी अंगणाच्या कडेने आले आणि सरळ शेणाच्या ओल्या सड्यात घसरले. काकूंनी हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, “देवी तं सरळ आल्या, पाहुणीच वाकडी आली बाप्पा.” त्यानंतर त्या घरात मला परकं वाटलं नाही.

दोन्ही महालक्ष्म्यांचे मुखवटे बसले, साड्या नेसवून झाल्या. निऱ्या पडत नव्हत्या, तेव्हा मात्र मी उपयोगी पडले. शिंप्याच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला टाचण्या कुठे लपवायच्या ते माहीत असतं. संध्याकाळी साधी मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. पहिल्या दिवशी देवीला हेच लागतं म्हणे. माहेरी दमून आलेल्या लेकीला आधी साधंच जेवण घालायचं.

जेवताना काकांनी सहज सांगितलं की रेखाचा तुकडा बिघडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सांगितला आहे, पऱ्हाटी उपटून रान तयार करायचं आणि हरभरा टाकायचा. वहिनी भाकर थापत होत्या, त्यांचा हात तेवढा थांबला.

तुकड्याची गोष्ट अश्विनीने मला नंतर सांगितली. ओढ्याकडचा वावराचा एक भाग काकांनी यंदा पहिल्यांदा वहिनींच्या मनावर सोडला होता. काय पेरायचं, कधी निंदायचं, कधी फवारायचं, सगळं वहिनी ठरवणार. गावात सुनेला असं कोणी देत नाही. मोठेबाबा तर म्हणालेच होते की पाहू, एक हंगाम जाऊ दे. आता पऱ्हाटी गेली की तुकडा पुन्हा काकांकडे जाणार होता. तसं कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

“कशानं बिघडली?” मी विचारलं.

“बियाणं बोगस निघालं,” अश्विनी म्हणाली. “बाबा तक्रार करणार आहे.”

दुसरा दिवस: सोळा भाज्यांची भाजी

जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांची एक भाजी लागते. बाभुळगावात आम्ही कुठल्याही सणाला सगळं बाजारातून आणतो. इथे वहिनी पहाटे टोपली घेऊन वावरात निघाल्या, मी मागे. काळ्या मातीत माझी चप्पल रुतली ती निघेना. वहिनींनी ती उपसून काढली, धुतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हातातच धर आता, तिच्या भरवशावर नको चालू.”

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोडके, अंबाडी, चवळीच्या शेंगा. पुढे भेंडीची चार झाडं. त्या भेंडी तोडत होत्या आणि मी भेंडीचं पान पाहत होते, बोटांसारखं खोल कापलेलं, अरुंद. पलीकडे त्यांचा तुकडा सुरू होत होता. मी क्षणभर समजले की तिथेही भेंडीच लावली आहे.

ती पऱ्हाटी होती. खालची पानं रुंद, नेहमीसारखी. शेंड्याकडची मात्र सगळी चिरटलेली, लांबट, शिरा जवळजवळ आलेल्या. पाती, म्हणजे कळ्या, गळून खाली पडली होती. मधल्या धुऱ्याच्या अलीकडे काकांची पऱ्हाटी उभी होती, हिरवीगार, एकही पान वाकडं नाही.

“बियाणं एकच का दोघांचं?” मी विचारलं.

“एकाच दुकानातलं. एकाच दिवशी आणलं. मामाजी म्हणते, पाकिटं वेगळी असतीन.” काकांना, म्हणजे सासऱ्यांना, त्या मामाजी म्हणतात.

मला मॅडमचा एक तास आठवला. झाडाच्या वाढीचा निरोप म्हणजे ऑक्झिन, आणि त्याची नक्कल करणारं एक तणनाशक आहे, टू-फोर-डी. ती नक्कल कपाशीला जराशी लागली तरी पानं भेंडीसारखी होतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हा मी ते वाक्य लिहून घेतलं होतं, पण समोर झाड नव्हतं. आता झाड समोर होतं आणि मला खात्री वाटत नव्हती. वर्गात ऐकलेलं कोणाच्या तरी वावरात खरं निघेल, हे माझ्या मनाला पटायला वेळ लागतो.

मी विचारलं, शेवटची फवारणी कोणी केली? काकांच्या भागात गड्याने केली होती, त्याच्याच पंपाने. वहिनींनी स्वतःची स्वतः केली होती. पंप? मोठेबाबांचा. तो दोन्ही घरांत फिरतो, ज्याला लागेल तो नेतो. मोठेबाबांनी त्याआधी त्यातून काय मारलं होतं?

वहिनी टोपलीतल्या भेंड्या उगीच एका बाजूला सारत राहिल्या. मग म्हणाल्या, “उसात तणाचं औषध मारलं होतं त्यायनं. पण मी धुतला होता पंप. दोन पाण्यानं धुतला.”

त्यांनीच विचारलं, “पाण्यानं जात नाही का ते?”

“मले वाटते नाही जात. पण मले पक्कं माहीत नाही वहिनी. मॅडमले विचारते.”

वावरात नेटवर्क फक्त धुऱ्यावरच्या एका दगडावर चढलं की येतं. तिथून मी पानांचे फोटो पाठवले. उतरताना वहिनी म्हणाल्या, “म्हणजे बियाणं नाही. मीच केलं.”

मला आतापर्यंत वाटत होतं की खरं कारण सापडणं ही चांगलीच गोष्ट असते. बियाणं बोगस असेल, तर वहिनींची चूक नव्हती, पण पऱ्हाटी उपटली जाणार होती. पंप असेल, तर झाड कदाचित वाचेल, पण दोष त्यांच्या माथी येणार होता, आणि तोही पहिल्याच हंगामात. मी त्यांना असं काहीतरी देऊन बसले होते जे त्यांनी मागितलं नव्हतं.

घरी आल्यावर स्वयंपाक. पुरणपोळ्या, आंबील, कढी, भजी, आणि ती सोळा भाज्यांची भाजी, जिच्यात कोणती भाजी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. पंगती उठत होत्या, बसत होत्या. माझ्या पानात आंबील दोनदा पडली आणि मी दोन्ही वेळा संपवली. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्यांनी तज्ज्ञांना फोटो दाखवले होते. लक्षणं तणनाशकाची दिसतात, म्हणाल्या. वाकडी पानं सरळ होणार नाहीत, पण मार हलका असेल तर झाड सावरतं. बिघडलेले शेंडे खुडा, झाडाला थोडं खत-पाणी द्या, नवी फूट कशी येते ते पाहा. पुढे म्हणाल्या, “हमी देऊ नकोस. जे माहीत आहे तेवढंच सांग.”

संध्याकाळी काकांनी मला विचारलंच. “पोरी, तू यातलंच शिकून राह्यली ना? काय वाटते तुले पऱ्हाटीबद्दल?”

वहिनी दारात कढीचं भांडं धरून उभ्या होत्या. मी म्हणाले, मॅडमना विचारलंय, उद्या सांगते. काकांनी मान हलवली.

नंतर भांडी विसळताना वहिनी म्हणाल्या, “तू नको सांगू. महालक्ष्म्या उठल्या का मी सांगन. सणात नाही.”

मी विचारलं, त्यांनी सांगितलंच नाही तर काय होईल.

“तं ट्रॅक्टर येईन,” त्या म्हणाल्या, आणि पातेलं उपडं घातलं.

तिसरा दिवस: महालक्ष्म्या उठल्या

दुपारनंतर मुखवटे उतरले, साड्यांच्या घड्या झाल्या. मोठेबाबा प्रसादाला आले होते. सगळे पडवीत बसले होते. वहिनींनी चहा दिला, पदर सारखा केला आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

“मामाजी, बियाणं बोगस नाही. मोठेबाबाचा पंप मी आणला होता, त्यात उसाचं तणाचं औषध राह्यलं होतं. मी नुसत्या पाण्यानं धुतला. चूक माझी आहे.”

मग मोठेबाबा म्हणाले, “म्हणजे माह्या उसाचं औषध तू पऱ्हाटीले पाजलं वो?” ते हसत होते, पण त्या हसण्याला टोक होतं.

काका माझ्याकडे वळले. “औषध तण मारते. मेली असती तं समजलो असतो. पानं भेंडीची कायले होतीन?”

आता बोलणं मला भाग होतं. मी म्हणाले, ते औषध मारत नाही काका, ते वाढवतं. खरं म्हणजे ते वाढीचंच औषध आहे. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की मी चुकीचा शब्द वापरला. मोठेबाबा पुढे सरकले. “वाढीचं? मंग थोडं थोडं मारलं तं पऱ्हाटी वाढन ना जोरात? उगाच खताले खर्च कायले करा?”

पाठ केलेली सगळी वाक्यं इंग्रजीत होती. समोर पडवीच्या भिंतीवर विहिरीच्या मोटरचा जुना स्टार्टर खिळ्याला टांगलेला होता. मी त्याच्याकडेच पाहत विचारलं, काका, तुम्ही मोटर ऑटोवर टाकता ना?

तिकडे सगळेच टाकतात. लाइट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून मोटरला ऑटोस्विच लावून ठेवतात. लाइट आली की माणूस नसतानाही मोटर आपोआप सुरू होते.

मग मी सांगत गेले. झाडाच्या प्रत्येक पेशीत डीएनए आहे, आणि त्याच्यावर पुष्कळ मोटरा आहेत असं समजा. पान रुंद करायची एक, फांदी काढायची एक, मूळ सोडायची एक. काही प्रथिनं त्या डीएनएला आधीच चिकटून बसलेली असतात, आपापल्या मोटरपाशी, दुसरीकडे नाही. तेच स्टार्टर. पण त्यांच्यावर दुसरं एक प्रथिन दाबून बसलेलं असतं, सुरू होऊ देत नाही. वाढीचा निरोप आला, ऑक्झिन आलं, की ते वरचं दाबणारं पेशी स्वतःच मोडून टाकते. स्टार्टर मोकळा झाला, मोटर सुरू. काम झालं की पेशी ऑक्झिन संपवून टाकते, दाबणारं पुन्हा तयार होतं, मोटर बंद.

बोलताबोलता माझ्या लक्षात आलं की बसमध्ये अश्विनीने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी देते आहे. ते प्रथिन निदान या झाडात झोपलेलं नसतं. जागेवरच असतं, दाबलेलं.

“अन् औषध?” काका म्हणाले.

“औषध ऑक्झिनसारखं दिसते. पेशी फसते. पण ऑक्झिन संपवता येते तसं हे पऱ्हाटीले लवकर संपवता येत नाही. उसासारख्या गवताच्या जातीले ते फारसं बाधत नाही, म्हणून ऊस वाचते. पऱ्हाटीत लाइट आली तं जातच नाही. मोटर चालूच.”

काका मोठेबाबांना म्हणाले, “तुह्या संत्र्याच्या वावरात झालं तसंच. ऑटोवर टाकून पोरीच्या सासरी गेलता तू, अन् लाइट गेलीच नाही.”

“रान सारं वाहून गेलं होतं,” मोठेबाबा म्हणाले. या वेळी हसले नाहीत. “पाणीच होतं, पण नको तितकं.”

“मंग थोडं थोडं मारायचं का?” काकांनी विचारलं, आणि मोठेबाबांनी हात झटकला.

नवी फूट कशी येईल, असं काकांनी विचारलं. मी मॅडमचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. हमी नाही. वाकडी पानं वाकडीच राहतील. पण औषध जसं जसं कमी होईल, तसं नवं पान पुन्हा रुंद यायला हवं. शेंडे खुडावे लागतील. हे सांगताना माझा आवाज लहान होत गेला, कारण हे सगळं मी ज्या माणसाला सांगत होते त्याने आयुष्यभर पऱ्हाटी पिकवली होती आणि मी कधी एक रोप लावलं नव्हतं.

काका उठले. अंगणात जाऊन फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं: “उद्या नको येऊ. नाही. मी सांगन तवा ये.”

परत आल्यावर ते वहिनींवर रागावले नाहीत, त्यांना समजावलंही नाही. त्यांच्याकडे रिकामा कप दिला आणि मोठेबाबांना विचारलं, शेंडे खुडायला बाया मिळतील का.

वहिनी कप घेऊन आत गेल्या. चुलीपाशी त्या रडल्या, काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मी व अश्विनी उगाच महालक्ष्म्यांच्या साड्या पुन्हा घडी घालत बसलो.

निघायचा दिवस

सकाळी आम्ही सगळे तुकड्यात होतो. वहिनी, काकू, शेजारच्या दोघी, अश्विनी, मी. काका आणि मोठेबाबाही. शेंडा कुठून खुडायचा ते वहिनी दाखवत होत्या, आणि मोठेबाबा त्यांना विचारून खुडत होते. एकदा तर खुडलेला शेंडा वर धरून म्हणाले, “हे पाह्य वो, बरोबर हाय का?” वहिनी म्हणाल्या, “अजून थोडं खाली, मोठेबाबा.” माझ्या बोटांना हिरवा चिकट रस लागला होता. तो नंतर दोन दिवस होस्टेलमध्ये जेवतानाही नखात दिसत होता.

निघताना काकूंनी पुरणपोळ्यांचा डबा दिला. वहिनी फाटकापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, निरोप गेला का ते झाडाला कसं समजतं? मी म्हणाले, नवं पान पाहून आपल्यालाच समजेल.

यवतमाळ, नंतर

सेमिनार झाला. मॅडमनी दोनदा अडवलं आणि मला पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये होते. ओढ्याजवळच्या ओळी सावरल्या नाहीत, त्या उपटाव्या लागल्या. बाकीच्यांना नवी फूट आली आहे आणि पान रुंद आहे. फोटोत त्यांनी ते तळहातावर पसरून धरलं होतं. बोंडं उशिराच येतील, यंदा कापसाचा वेचा कमीच होईल, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, काकांनी पाहिलं का?

पाहिलं, म्हणाल्या. कालच वावरात आले होते. ओळीतून फिरले, धुऱ्यावर बसले आणि तंबाखू मळता मळता त्यांना म्हणाले, पुढच्या साली तू या तुकड्यात काय घेतं?

“मंग तुमी काय म्हटलं?”

“म्हटलं, पऱ्हाटीच. अन् पंप माह्या एकटीचा.”